स्वस्त माल वेगळा, फसवा माल वेगळा

व्यापाराच्या पानावर सिनेमाचे काय काम, असा प्रश्न काही वाचक बंधूंना पडेल. सिनेमा पाहावा की पाहू नये, हा विषय उलेमांचा आहे. त्यात शिरण्याचा या लेखाचा इरादा नाही. परंतु चित्रपट हाही शेवटी एक माल आहे. त्याला भांडवल लागते, हत्यारे लागतात, कारागीर लागतात आणि गिऱ्हाईक लागते. पहिला माल खपला की त्याच नावावर दुसरा, तिसरा, चौथा काढण्याचा मोह त्या धंद्यातही होतो. आणि पैसा कमी पडला की कुठे तरी काटछाट करावी लागते, हेही तिथे आपल्यासारखेच.

रहाटणी, काळेवाडी, थेरगाव या पट्ट्यात आपले कितीतरी बांधव फॅब्रिकेशन, लेथ, गॅरेज, पावडर कोटिंग, फर्निचर, शिलाई अशी कामे करतात. भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांचे जॉबवर्क घेतात. पहिल्या सँपलला जीव ओतायचा आणि चौथ्या लॉटला हात आखडायचा, हा प्रकार त्यांच्यापैकी कुणालाही समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच आज दोन सुपरमॅनचा हिशेब मांडायचा आहे. एक अमेरिकेतला, नामांकित कंपनीच्या नावावर निघालेला चौथा चित्रपट. दुसरा आपल्या नाशिक जिल्ह्यातील मालेगावच्या यंत्रमाग कामगारांनी उभा केलेला. दोन्ही पैशाच्या तंगीत तयार झाले. पण एकाची तंगी लोकांना फसवणूक वाटली आणि दुसऱ्याच्या तंगीवर लोकांनी जीव लावला. असे का झाले, हे धंदेवाल्याने समजून घेण्यासारखे आहे.

नावावर निघालेला चौथा माल

सुपरमॅन हे पात्र अमेरिकेत १९३८ साली चित्रकथेतून पुढे आले. १९७८ साली त्याच्यावर पहिला मोठा चित्रपट निघाला. त्याला सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्च आला. माणूस खरोखर उडतो आहे असे वाटावे, यासाठी तंत्रज्ञांनी महिनोन्महिने प्रयोग केले. नायकाचे काम करणारा ख्रिस्तोफर रीव्ह तोवर फारसा कुणाला ठाऊक नव्हता. त्या चित्रपटाने तो जगभर पोहोचला. पुढे १९८० आणि १९८३ साली त्याचे दुसरा आणि तिसरा भाग आले.

चौथ्या भागाचे हक्क कॅनन नावाच्या कंपनीने घेतले. ही कंपनी थोड्या खर्चात खूप चित्रपट काढण्यासाठी प्रसिद्ध होती. एकाच वेळी तिच्या हातात पुष्कळ चित्रपट होते आणि पैसा सगळीकडे पातळ पसरलेला होता. चौथ्या सुपरमॅनसाठी आधी सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलर ठरले होते. प्रत्यक्षात ती रक्कम १ कोटी ७० लाखांच्या आसपास आणण्यात आली. म्हणजे काम सुरू होता होता भांडवल निम्म्याहून खाली आले. गोष्ट मात्र तेवढीच मोठी ठेवली. सुपरमॅन जगातील सगळी अण्वस्त्रे गोळा करून सूर्यात फेकून देतो, असा तिचा गाभा होता.

या चित्रपटाचा गुण आधी सांगितला पाहिजे. विषय पोकळ नव्हता. १९८७ साली अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्या अण्वस्त्रांची धास्ती जगाला खरोखरच होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दोन्ही देशांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचा करार केला. कथेत रीव्हचा स्वतःचा हात होता आणि त्याने काम मनापासून केले, हे पडद्यावर दिसते. कारागिराची नियत साफ होती.

पण मालाचे काय? न्यूयॉर्कच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीसमोरचा प्रसंग इंग्लंडमधील मिल्टन कीन्स या गावात उरकला आणि प्रेक्षकांनी तेच न्यूयॉर्क समजावे अशी अपेक्षा ठेवली. उडण्याचे एकच दृश्य पुन्हा पुन्हा वापरले. पहिल्या चित्रपटात ज्या उड्डाणावर सारी मेहनत झाली होती, त्याच उड्डाणात आता तारा दिसू लागल्या. खलनायक एका स्त्रीला अवकाशात घेऊन जातो आणि ती तिथे हवेविना श्वास घेत राहते. चित्रपट मोठा होता, तो कापून दीड तासावर आणला, त्यामुळे गोष्टीचे सांधे उघडे पडले. अमेरिकेत त्याने सुमारे दीड कोटी डॉलर गोळा केले, म्हणजे खर्चाएवढेही नाहीत. कॅनन कंपनी पुढे फार दिवस जुन्या मालकांच्या हातात राहिली नाही. आणि सुपरमॅनचा पुढचा चित्रपट पडद्यावर यायला २००६ साल उजाडले.

दोष खर्च कमी असण्याचा नव्हता. १ कोटी ७० लाख डॉलर ही काही लहान रक्कम नव्हे. दोष असा की, खर्च निम्मा झाला हे गिऱ्हाइकापासून लपवले. पाटी जुनी, भाव जुना आणि आत माल पातळ. तिकीट काढणाऱ्याने पहिल्या सुपरमॅनच्या भरवशावर पैसे मोजले होते.

मालेगावचा सुपरमॅन

आता आपल्या मालेगावकडे वळू. मोसम आणि गिरणा नद्यांच्या काठचे हे शहर यंत्रमागांवर जगते. शुक्रवारी माग बंद असतात आणि आठवडाभर खडखडाटात उभा राहिलेला कामगार त्या दिवशी मन रमवायला बाहेर पडतो. या शहरात नासिर शेख यांचे व्हिडिओ पार्लर होते. लग्नाचे शूटिंग करण्याचाही त्यांना अनुभव होता. परदेशी चित्रपट कापून-जोडून दाखवता दाखवता त्यांना वाटले, आपणच का काढू नये? त्यातून २००० सालच्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ तयार झाला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. कलाकार शहरातलेच. तो चालला आणि मालेगावात अशा विडंबन चित्रपटांची रांगच लागली.

त्याच मालिकेत पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ आला. नायक शफीक शेख हा यंत्रमागावर काम करणारा, अंगाने काटकुळा तरुण. लेखनाची बाजू फरोग जाफरी यांच्यासारख्या स्थानिक लेखकाने सांभाळली. अकरम खान खलनायक झाले. हा चित्रपट कसा तयार होतो आहे, हे फैझा अहमद खान या दिग्दर्शिकेने २००८ साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात टिपले. तो माहितीपट अनेक देशांच्या महोत्सवांत गेला आणि २०१२ साली भारतातल्या चित्रपटगृहांतही लागला. याच मंडळींवर रीमा कागती यांनी काढलेला ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. ज्या शहराचे नाव बाहेरच्यांना २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांपलीकडे ठाऊक नव्हते, ते शहर कारागिरीसाठी ओळखले गेले, ही आपल्यासाठी लहान गोष्ट नाही.

त्याचे गुण

पहिला गुण म्हणजे गिऱ्हाइकाची ओळख. नासिर शेख यांना ठाऊक होते की आपला प्रेक्षक शुक्रवारचा कामगार आहे. त्याला त्याची बोली हवी, त्याचे गल्लीबोळ हवेत आणि हसायला हवे. म्हणून मालेगावच्या सुपरमॅनने जगातली अण्वस्त्रे गोळा केली नाहीत. तो लढला शहरातल्या घाणीशी आणि तंबाखूशी. खलनायकाला घाण प्रिय, आणि प्रदूषणाने खुद्द सुपरमॅनला दमा लागलेला. जेवढे भांडवल तेवढीच गोष्ट. कॅननने नेमके हेच केले नाही.

दुसरा गुण हत्यारांचा. रूळ टाकून कॅमेरा सरकवायला पैसे नाहीत, तर सायकल घेतली. कॅमेरा उंच न्यायला क्रेन नाही, तर बैलगाडी कामाला लावली. माणूस उडताना दाखवण्यासाठी मागे हिरवे कापड लावून चित्रण करायचे आणि नंतर संगणकावर मागचा देखावा बदलायचा, हे तंत्र त्यांनी स्वतः शिकून घेतले. आपल्याकडेही जुन्या लेथवर नवा जिग बसवून काम काढणारे उस्ताद आहेत. त्यांना यात आपलीच जात दिसेल.

तिसरा गुण सर्वांत मोठा. त्यांनी काही लपवले नाही. नायक काटकुळा आहे, पोशाख ढगळ आहे, चड्डीची नाडी लोंबते आहे, हे सगळे उघड्यावर आहे आणि हसण्याचा भाग आहे. पाहणाऱ्याला पहिल्या क्षणी कळते की हा अमेरिकेचा सुपरमॅन नाही, मालेगावचा आहे. त्याने जे पैसे मोजले ते हे जाणूनच मोजले.

इथे आपल्या सर्वांना ठाऊक असलेली हदीस आठवते. पैगंबर (स.) बाजारातून जात असता एका धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला. वरचे धान्य कोरडे, आतले ओले निघाले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा, ओले झालेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले. ध्यानात घ्या, ओले धान्य विकू नकोस असे तिथे सांगितलेले नाही. ते वर ठेव, असे सांगितले आहे. मालेगावच्या मंडळींनी आपले ओले धान्य ढिगाच्या वर ठेवले. कॅननने ते आत दडवले.

त्याचे दोष

परंतु आपल्या माणसांचे काम म्हणून केवळ कौतुक करणे बरोबर नाही. मालेगावच्या या धंद्यात दोषही होते आणि ते आपल्या धंद्यातही आहेत.

पहिला दोष नावाचा. सुपरमॅन हे नाव, तो पोशाख, ते पात्र दुसऱ्याच्या मालकीचे. गल्लीत, हसण्यापुरते ते चालून गेले. पण उसन्या नावावर काढलेला माल मोठ्या बाजारात मांडता येत नाही. ‘शोले’ असो वा ‘सुपरमॅन’, नाव दुसऱ्याने कमावलेले. त्याच हुन्नराने, त्याच माणसांनी मालेगावचा स्वतःचा एखादा नायक उभा केला असता, तर तो माल त्यांना कुठेही विकता आला असता. तशी सुरुवात झालीही. नासिर शेख यांनी पुढे ‘मालेगाव का चिंटू’ ही मालिका दूरचित्रवाणीसाठी केली. पण तोवर बरीच वर्षे उसन्या नावांवर गेली होती.

दुसरा दोष जोखमीचा. चित्रण चालू असताना कॅमेरा पाण्यात पडला आणि काम थांबले. एकाच यंत्रावर सारा धंदा, राखीव काही नाही. रहाटणीतही एका मशीनवर, एका कंपनीच्या एका पार्टवर संसार चालवणारे किती आहेत, हे ज्याचे त्याने मोजावे.

तिसरा दोष हिशेबाचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. खर्च कमी आला, तो का कमी आला? कापड स्वस्त मिळाले म्हणून नव्हे. माणसांनी आपले दिवस, आपली मजुरी, आपले अंग फुकट किंवा नाममात्र दिले म्हणून. दोस्तीत हे होते आणि त्यात गोडवाही असतो. पण जो खर्च वहीत लिहिला नाही, तो नव्हताच असे समजणे ही मोठी चूक आहे. कुणाची तरी मजुरी बुडाली, कुणाचा तरी रोजगार गेला, तेव्हा चित्रपट ‘स्वस्तात’ पडला. अशा हिशेबावर एक चित्रपट निघतो, दोन निघतात, कायमचा धंदा उभा राहत नाही.

शफीक शेखची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. पडद्यावर तंबाखूशी लढणारा हा तरुण २०११ साली तोंडाच्या कर्करोगाने वारला. अल्लाह त्याला जन्नत नसीब करो. त्याच्या आजाराचा दोष चित्रपटावर टाकणे अन्यायाचे होईल. पण चित्रपटाने जो शत्रू दाखवला होता तो कल्पनेतला नव्हता, हे त्या मृत्यूने दाखवून दिले. त्यानंतर वर्षभरात, जुलै २०१२ मध्ये, महाराष्ट्र शासनाने गुटख्यावर बंदी घातली. बंदी कागदावर आहे. पुड्या कुठे मिळतात, हे कारखान्याच्या फाटकाबाहेर उभे राहिले की कळते. त्या विकणाऱ्यांत आणि खाणाऱ्यांत आपलेही लोक आहेत, हे सांगताना शरम वाटते, पण सांगितले पाहिजे.

आपल्या शेडमध्ये

आता हे सगळे आपल्या कामाला लावून पाहू.

सिनेमाची तार दिसली तर लोक हसतात आणि घरी जातात. आपल्या मालाची गोष्ट तशी नाही. पातळ पत्र्याचा जिना, कच्च्या वेल्डिंगची गॅलरीची जाळी, नामांकित कंपनीच्या खोक्यात भरलेला डुप्लिकेट ब्रेक शू, यांच्यावर कुणाचा तरी जीव टांगलेला असतो. गिऱ्हाइकाची ऐपत कमी असेल तर स्वस्त माल जरूर द्यावा. गरिबालाही जिना लागतो, गरिबाच्या रिक्षालाही ब्रेक लागतो. त्याला परवडेल असा माल करणे हे हलाल रोजीचे आणि सवाबाचे काम आहे. पण पत्रा कमी गेजचा आहे हे बिलावर लिहावे. पार्ट कंपनीचा नाही, लोकल आहे, हे खोक्यावर छापावे आणि तोंडानेही सांगावे. आणि ज्या जागी कमी गेज चालणारच नाही, तिथे ऑर्डर सोडून द्यावी. सांगितल्याने फसवणूक टळते, धोका टळत नाही.

आपला माल दुसऱ्याच्या नावाने विकणारा कारागीर स्वतःवर दुहेरी अन्याय करतो. पकडला गेला तर अब्रू जाते. नाही पकडला गेला तर त्याच्या हुन्नराचे श्रेय त्या दुसऱ्या नावाला मिळत राहते. वीस वर्षे उत्तम पार्ट बनवूनही ज्याचे स्वतःचे नाव बाजारात नाही, त्याने काय कमावले? छोटे का होईना, आपल्या नावाचे लेबल लावावे. सुरुवातीला भाव कमी मिळेल. बरकत मात्र त्यातच आहे.

काही बांधव म्हणतील, हे बोलायला सोपे आहे. मोठी कंपनी दरवर्षी रेट कमी करायला सांगते. नाही म्हटले तर काम दुसऱ्याकडे जाते. पोरांची फी आहे, बँकेचा हप्ता आहे. मग चौथ्या लॉटला माल पातळ झाला तर दोष कुणाचा? ही तक्रार खरी आहे आणि ती हसण्यावारी नेता येणार नाही. कॅननच्या तंत्रज्ञांनाही निम्म्या पैशात पूर्ण काम मागितले गेले होते. पण त्यांच्या गोष्टीतून एवढे तरी दिसते की, निम्म्या पैशात पूर्ण काम झाल्याचे नाटक कुणालाच वाचवत नाही. पैसा निम्मा झाला त्या दिवशी गोष्ट लहान करायला हवी होती. आपणही रेट कमी झाला त्या दिवशी साहेबांना स्पष्ट सांगावे की या भावात हे मटेरियल बसेल, ते बसणार नाही. ड्रॉइंगमध्ये बदल करून द्या, नाहीतर संख्या कमी करा. तोंडी न सांगता लिहून द्यावे आणि त्याची प्रत ठेवावी. काही वेळा काम जाईलही. पण रिजेक्शनचा सगळा लॉट परत आला की जे नुकसान होते, ते एका गेलेल्या ऑर्डरपेक्षा कितीतरी मोठे असते. एकट्याला हे सांगणे जड जाते हेही खरे. म्हणून एकाच प्रकारचे काम करणाऱ्या चार-पाच शेडवाल्यांनी एकत्र बसून, खाली जाता येणार नाही असा भाव ठरवायला काय हरकत आहे? आज आपण एकमेकांचे रेट तोडतो आणि फायदा तिसऱ्याचा होतो.

आणि शेवटची बाब कामगाराची. आपला रेट कमी बसतो, तो पुष्कळदा पोरांच्या अंगावर बसतो. वेल्डिंगला काच नाही, ग्राइंडरला चष्मा नाही, पावडर कोटिंगला मास्क नाही, आणि रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून पुडी. हा सगळा खर्चच आहे. तो आपण वहीत लिहीत नाही, म्हणून पुढे कामगाराच्या घरचे तो दवाखान्यात भरतात. नवीन कोटेशन देताना मटेरियल, मजुरी, वीज आणि भाडे यांच्याबरोबर चष्मा आणि मास्कची एक ओळ धरावी. शेडमध्ये पुडी बंद, हा नियम मालकाने आधी स्वतःला लावावा, मग पोरांना. कुरआनात मापात मारणाऱ्यांना कडक इशारा दिला आहे. माप केवळ तराजूत नसते. मजुराच्या आयुष्यातून काढून घेतलेले वजनही मापातच मोजले जाईल, असे आम्हाला वाटते.

पुढच्या महिन्यात कुणाच्या हातात चौथा लॉट असेल, त्याने तो गाडीत भरण्यापूर्वी पहिल्या सँपलशेजारी ठेवून पाहावा. फरक पडला असेल तर तो गिऱ्हाइकाने शोधण्याआधी आपणच चलनावर लिहावा आणि भाव त्या हिशेबाने लावावा. एवढे जरी केले, तरी मालेगावच्या त्या काटकुळ्या सुपरमॅनकडून आपण काही घेतले असे म्हणता येईल.